कंडक्टरच्या नजरेचे आकडे

भाचीबाई, डोरिकोसारख्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये टाइम सिग्नेचर मोठी करायला दोन-चार क्लिक पुरतात. ती कुणाच्या कागदावर मोठी करायची, कुठे बसवायची आणि कधी अजिबात मोठी करायची नाही, हे कळायला मात्र चार सेशन बघावी लागतात. दुसऱ्यांचे स्कोअर उतरवायचं काम तू आता अंगावर घेतलंयस, म्हणून मामाकडचे कानमंत्र तुझ्या पदरात टाकतो. ते सगळे माझे नाहीत. बरेचसे मला जुन्या गोवेकर कॉपिस्टांकडून मिळाले. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत ही मंडळी सोल्फेज आणि व्हायोलिन शिकली, मुंबईत आली आणि हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा त्यांच्या वाचनावर उभा राहिला. सॅबेस्टियन डिसूझा किंवा अँथनी गोन्सालविस यांच्यासारख्या अरेंजरने मांडलेली गोष्ट वादकाच्या स्टँडवर जायची ती कुणाच्या तरी हाताने उतरवलेल्या पार्टमधून. त्या काळी टाक होता, आता माउस आहे. वाचणाऱ्याचे डोळे मात्र बदललेले नाहीत.

एकच गोष्ट डोक्यात ठेव, बाकीचं सगळं तिच्यातून आपोआप येतं: मोठा आकडा हा कंडक्टरसाठी असतो. पान भारदस्त दिसावं म्हणून तो नसतो.

आधी पट्टी घे, मग माउस

वादकाच्या पार्टमध्ये स्टाफ खालच्या रेषेपासून वरच्या रेषेपर्यंत साधारण ७ ते ८ मिलिमीटर उंच असतो. टाइम सिग्नेचरचा प्रत्येक आकडा दोन स्पेस घेतो, म्हणजे वरचा-खालचा मिळून स्टाफ भरतो. पार्टमध्ये एक आकडा साडेतीन-चार मिलिमीटरचा झाला. व्हायोलिनवाल्याला तेवढा पुरतो, कारण त्याची नजर कागदावरच असते.

आता फुल स्कोअर घे. ए-थ्री कागद उभा धरलास तर ४२० मिलिमीटर उंची मिळते. त्यात २८ स्टाफ बसवायचे, मधे डायनॅमिक्सना आणि लेजर लाइन्सना जागा सोडायची, वर-खाली समास ठेवायचा. स्टाफ ४ मिलिमीटरवर येतो आणि आकडा २ मिलिमीटरवर. कंडक्टर उभा, स्कोअर त्याच्या कमरेशी, आणि डोळे बहुतेक वेळ समोरच्या माणसांवर. पुढचा बार तीनचा की पाचचा, हे त्याला एका ओझरत्या नजरेत कळायला हवं. २ मिलिमीटरचा आकडा ओझरता दिसत नाही, तो शोधावा लागतो. म्हणून तो मोठा करायचा.

हा हिशेब एकदा केलास की कुठे मोठी टाइम सिग्नेचर नको, हेही कळतं. स्ट्रिंग क्वार्टेटला नको, पियानोच्या तुकड्याला नको, चार आवाजांच्या भजनाला नको. पहिल्या बारपासून शेवटपर्यंत ४/४ असलेल्या गाण्यालाही नको, मग ऑर्केस्ट्रा कितीही मोठा असो. आपल्या सिनेमाची बहुतेक गाणी केरवा किंवा दादऱ्याच्या चालीत असतात, तिथे आकडा एकदा दिसला की काम झालं. खरी गरज पडते ती बॅकग्राउंड म्युझिकला. १२० च्या टेम्पोला एक क्रॉचेट म्हणजे अर्धा सेकंद, २४ फ्रेमच्या हिशेबाने १२ फ्रेम. पडद्यावर दार एका क्रॉचेटने आधी उघडलं की संगीतकार तिथे चारऐवजी तीनचा बार टाकतो, पुढे एखादा पाचचा टाकून भरपाई करतो. असं पानापानाला होतं, आणि स्टुडिओत तालमीला वेळ नसतो. मोठे आकडे सर्वांत जास्त उपयोगी पडतात ते इथे.

मीटर खरं टाक, रूप नंतर दे

नवशिका काय करतो? टेक्स्ट बॉक्स उघडतो, मोठा फॉन्ट घेतो, ३ आणि खाली ४ टाइप करतो, ओढून जागेवर नेतो आणि खरी टाइम सिग्नेचर लपवून टाकतो. पान छान दिसतं. मग संध्याकाळी अरेंजरचा फोन येतो: बार ४१ च्या आधी दोन बार घाला. संगीत पुढे सरकतं आणि तुझा टेक्स्ट कुठल्या तरी वेगळ्याच बारच्या डोक्यावर बसून राहतो. टेक्स्टला मीटर कळत नाही. त्याच्यावरून क्लिक निघत नाही, पार्टमध्ये विश्रांतीचे बार तुटत नाहीत आणि बीमिंगही बदलत नाही.

म्हणून नियम असा की मीटर हे मीटर म्हणूनच टाकायचं आणि त्याचं रूप सेटिंगमधून ठरवायचं. डोरिकोत शिफ्ट-एम दाबून उघडणाऱ्या पट्टीत ३/४ लिही, एंटर कर. ते संगीताचा भाग झालं. ते किती मोठं आणि कुठे दिसायचं, हे लेआउट ऑप्शन्समधल्या टाइम सिग्नेचरच्या पानावर ठरतं. सिबेलियसमध्ये एन्ग्रेव्हिंग रूल्समध्ये टाइम सिग्नेचरसाठी मोठी टेक्स्ट स्टाइल निवडता येते. म्यूझस्कोअरच्या नव्या आवृत्त्यांत स्टाइलच्या खिडकीत जागेचा पर्याय आला आहे. लिलीपॉण्डवाले टाइम सिग्नेचर छापणारं यंत्र स्टाफमधून काढून वेगळ्या ओळीत बसवतात. चारही ठिकाणी तत्त्व एकच आहे: अर्थ एका जागी आणि दिसणं दुसऱ्या जागी. ही फारकत जिथे मोडते, तिथे रात्री जागावं लागतं.

जागा तीन आहेत

पहिली जागा नेहमीची, प्रत्येक स्टाफवर. जुने सिम्फनी स्कोअर असेच असतात. मीटर क्वचित बदलत असेल तर हीच ठेव.

दुसरी जागा सिस्टिमच्या वर, पहिल्या स्टाफच्या डोक्यावर आणि पुन्हा स्ट्रिंग्जच्या डोक्यावर. सिनेमाचे स्कोअर लिहिणाऱ्यांना ही आवडते, त्याचं कारण नीट समजून घे. इथे आकडा स्टाफच्या बाहेर असतो, त्यामुळे तो स्वरांमधली आडवी जागा खात नाही. दर बारला मीटर बदललं तरी बार दाटत नाहीत, बारलाइन कोरी राहते, आणि पडद्यावरचा कट नेमका कुठे पडतो हे कंडक्टरला सरळ दिसतं. आकडा कुठे कुठे पुन्हा दाखवायचा, हे डोरिकोत सिस्टिम ऑब्जेक्ट्सच्या सेटिंगमध्ये ठरतं. वुडविंडवर एक आणि पहिल्या व्हायोलिनवर एक, एवढं बहुतेक वेळा पुरतं. सगळ्या घराण्यांवर मांडलेस तर पान आकड्यांनी भरून जाईल.

तिसरी जागा अनेक स्टाफवर उभी पसरलेली, प्रत्येक ब्रॅकेटला एक: वुडविंडच्या सगळ्या स्टाफवरून खाली उतरणारा एक उंच आकडा, ब्रासला एक, स्ट्रिंग्जला एक. लांबून बघायला याच्यासारखं काही नाही. पण याला किंमत आहे. हा आकडा बारलाइनच्या उजवीकडे स्वतःची आडवी जागा मागतो, आणि बारलाइन ओलांडून जाणारे स्लर, टाय, हेअरपिन त्याच्या अंगावरून जातात. मीटर दर चार-सहा बारांनी बदलत असेल आणि संगीत विरळ असेल तर ही जागा देखणी. दर बारला बदलत असेल तर दुसरी जागा घे.

आणखी एक खोच आहे. रिकामे स्टाफ लपवण्याची सोय चालू असेल तर एखाद्या पानावर ब्रासमध्ये एकटी ट्यूबा उरते. चार स्टाफच्या उंचीचा आकडा एका स्टाफवर बसला की खालच्या-वरच्याच्या अंगावर सांडतो. ब्रॅकेटमध्ये किती स्टाफ आहेत त्यावरून आकड्याची उंची ठरवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती आधी लाव. मग मुद्दाम सर्वांत रिकामं पान उघडून बघ. बिघाड असलाच तर तिथे दिसतो.

स्कोअरचं दुखणं पार्टला देऊ नको

मोठा आकडा पार्टमध्ये गळाला की वादक हसतात. सेलोच्या एका ओळीवर तीन स्टाफ उंचीचा ५/४ बसलेला असतो आणि त्याखाली ओळीतलं अंतर फाटलेलं असतं. वादकाला त्याचं काहीच काम नाही.

डोरिकोत स्कोअर आणि पार्ट हे वेगवेगळे लेआउट असतात. लेआउट ऑप्शन्सच्या खिडकीत उजवीकडच्या यादीत कुठले लेआउट निवडलेत, याकडे बघूनच अप्लाय दाब. फुल स्कोअर एकटा निवडायचा. सिबेलियसमध्ये सगळ्या पार्टचं रूप एकत्र बदलायची खिडकी आहे, तिथे नेहमीची स्टाइल परत लाव. मग तीन पार्ट उघडून बघ: एक पिकोलोचा, एक पर्कशनचा, एक डबल बासचा. पर्कशनचा मुद्दाम, कारण तिथे एका माणसाच्या हातात तीन-चार स्टाफ असतात आणि ब्रॅकेटचा नियम गुपचूप लागू होऊ शकतो.

पियानो रिडक्शन म्हणजे पियानोवर वाजवायचं रूपांतर, त्यातही आकडा साधाच ठेव. कंडक्टर तालमीत त्यावरून वाजवत असला तरी तेव्हा तो पियानोजवळ बसलेला असतो.

आकड्याचा घाट

नेहमीच्या टाइम सिग्नेचरचे आकडे जाड आणि बुटके असतात, कारण त्यांना दोन स्पेसमध्ये भरायचं असतं. तेच आकडे सहापट केले की रुंदीही सहापट होते आणि पानावर ढोल ठेवल्यासारखे दिसतात. ते आडवे दाबून सडपातळ करायचा मोह आवर. दाबलेल्या अक्षराच्या उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या जाड राहतात, आणि ३ व ८ लांबून सारखे दिसू लागतात.

त्यासाठी मुळातच उंच, अरुंद काढलेले आकडे वापर. फिनालेबरोबर एन्ग्रेव्हर टाइम नावाचा फॉन्ट खास याच कामासाठी यायचा. डोरिकोच्या ब्रावूरा फॉन्टमध्ये मोठ्या टाइम सिग्नेचरसाठी वेगळे आकडे आहेत. हा फॉन्ट डॅनियल स्प्रेडबरी यांनी काढला, तो मोफत आहे, आणि एसएमयूएफएल नावाच्या प्रमाण मांडणीवर बसलेला आहे. ती मांडणी पाळणारा दुसरा फॉन्ट घेतलास तरी चिन्ह आपल्या ठरलेल्या क्रमांकावर सापडतं. मोठे, अरुंद पर्याय मात्र प्रत्येक फॉन्टमध्ये असतीलच असं नाही. फॉन्ट बदलण्याआधी ५, ६ आणि ८ हे तीन आकडे मोठ्या रूपात छापून शेजारी ठेव. या तिघांत गोंधळ झाला नाही तर फॉन्ट पास.

साधा, सेरिफ नसलेला फॉन्टही चालतो. पिटमध्ये मंद दिव्याखाली तो उलट बरा दिसतो. पण जाडी सांभाळ. फार काळा आकडा पानावरचं सगळं लक्ष ओढून घेतो आणि मग फोर्टेपियानो दिसत नाही.

४/४ साठी ‘सी’ आणि २/२ साठी चिरलेला ‘सी’ मोठ्या रूपात वापरू नको. आकड्यांच्या रांगेत मधेच अक्षर आलं की नजर अडखळते. ४ आणि ३ ची तुलना क्षणात होते, ‘सी’ आणि ३ ची होत नाही.

मोठं करण्याआधी सोपं होतं का बघ

मीटर बदलत राहण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’चं. पॅरिसमध्ये १९१३ साली पिएर माँतोंनी पहिला प्रयोग कंडक्ट केला. शेवटचं बलिदानाचं नृत्य सेमीक्वेव्हरच्या बारीक बारांत लिहिलेलं आहे, दोनाचा, तीनाचा, पाचाचा बार एकापाठोपाठ. बोस्टनमध्ये कूसेवित्स्की यांच्यासाठी निकोलस स्लोनिम्स्की यांनी त्यातल्या बारलाइन नव्याने पाडून दिल्या. पुढे १९४३ मध्ये खुद्द स्ट्राविन्स्कीने हे नृत्य पुन्हा लिहिलं आणि सेमीक्वेव्हरच्या जागी क्वेव्हर घेतला.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच, की बारलाइन हाही निर्णय असतो आणि तो बदलता येतो. मात्र तो कॉपिस्टाचा निर्णय नव्हे. ७/८, ७/८, २/४, ७/८ अशी रांग दिसली आणि तुला वाटलं की इथे दोन बार जोडले तर हात सोपा होईल, तर अरेंजरला विचार. त्याने मान हलवली तर जोड. न विचारता कधीच जोडू नको. बार बदलले की कुठल्या स्वरावर जोर पडतो तेही बदलतं.

एक खूण मात्र न विचारताही घालायला सुचव: ४/४ वरून ७/८ वर जाताना क्वेव्हर बरोबर क्वेव्हर, की क्रॉचेट बरोबर डॉटेड क्रॉचेट? आकडा कितीही मोठा केलास तरी याचं उत्तर त्यात नसतं. दोन छोट्या नोटा आणि मधे बरोबरचं चिन्ह, टेम्पोच्या ओळीत. त्याशिवाय मोठी टाइम सिग्नेचर अर्धवट आहे.

रूपक, झपताल आणि सात-दहाचे आकडे

आपल्याकडे हे काम करणाऱ्याच्या हातात ताल येणारच. रविशंकरांचा सतारीचा पहिला कॉन्चेर्टो १९७१ मध्ये आंद्रे प्रेविन आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवला. झाकीर हुसेन यांचा तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीचा ‘पेशकार’ २०१५ मध्ये मुंबईत एनसीपीएच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने. लहान-मोठी अशी कामं आता नेहमीच येतात.

रूपकाच्या सात मात्रा: ती ती ना, धी ना, धी ना. खंड ३, २, २. पट्टीत नुसतं ७/८ लिहिलंस तर सॉफ्टवेअर स्वतःच्या सवयीने गट पाडेल, कदाचित २+२+३ असे, आणि बीम चुकीच्या जागी तुटतील. डोरिकोत चौकटी कंसात [३+२+२]/८ लिही. पानावर ७/८ दिसेल आणि बीम रूपकाचे पडतील. कंस काढून ३+२+२/८ लिहिलंस तर तीच बेरीज छापली जाईल. बार्तोकने ‘मिक्रोकॉसमॉस’च्या शेवटच्या बल्गेरियन नृत्यांत अशी बेरीज छापली आहे आणि पियानोच्या पानावर ती शोभते. पण तीन आकडे आणि दोन अधिक चिन्हं मोठ्या रूपात ब्रॅकेटवर उतरवलीस तर अर्धा बार त्यातच जातो. म्हणून मोठ्यात ७, आणि खंडांची विभागणी पहिल्या बारवर लहान अक्षरांत एकदाच. मधे खंड बदलले, तर बदलतात तिथे पुन्हा.

आणखी एक गोष्ट पाश्चात्त्य कंडक्टरला सांगावी लागते. रूपकाची सम ‘खाली’च्या, म्हणजे टाळी नसलेल्या, मात्रेवर येते. ७/८ बघून तो पहिल्या मात्रेला हात खाली आणणार आणि ब्रास तिथे जोर देणार, आणि तबला नेमका तिथेच हलका. कुठे जोर हवा, कुठे नको, हे आर्टिक्युलेशनमध्ये लिहून घे. आकड्याकडून त्याची अपेक्षा करू नको.

झपताल दहाचा: २, ३, २, ३. ५/४ चे दोन बार केलेस तर मीटर कधीच बदलत नाही, मोठा आकडा एकदाच दिसतो आणि सम एकाआड एक बारवर येते. ती कुठल्या बारवर आहे, याची बारीक खूण वर कर. १०/८ एकच बार केलास तर कंडक्टर चार असमान हात देतो, आणि खंड [२+३+२+३] असे कंसात घालावे लागतात. मध्यलयीत मला दुसरी पद्धत बरी वाटते, विलंबितात पहिली. तबलजीला यातलं काहीच देऊ नको. त्याच्या कागदावर तालाचं नाव, आवर्तनांची संख्या आणि थांबण्याच्या जागा लिही.

आलापासाठी मीटर नको असेल तर पट्टीत एक्स लिहिलं की मीटर मोकळं होतं. त्यानंतर जिथे ठेका सुरू होतो तिथली टाइम सिग्नेचर पानावर ठळक दिसतेय ना, हे दोनदा बघ. सगळ्यांचे डोळे तिथेच लागलेले असतात.

शेजाऱ्यांशी नीट राहावं

वरच्या जागेत मोठा आकडा आला की भांडण सुरू होतं. टेम्पो, रिहर्सल मार्क, पिकोलोची आठ-वा ची रेघ, सगळ्यांना तीच जागा हवी असते. क्रम ठरवून टाक: स्टाफच्या सर्वांत जवळ टाइम सिग्नेचर, तिच्यावर टेम्पो आणि टेम्पोची डावी कड टाइम सिग्नेचरच्या कडेशी जुळलेली, रिहर्सल मार्क बारलाइनवर सर्वांत वर. हे अंतर सेटिंगमध्ये एकदाच लाव. प्रत्येक जागी हाताने ओढत बसलीस तर पान बदललं की सगळं पुन्हा करावं लागेल.

ओळीच्या शेवटची सूचना विसरू नको. पुढच्या ओळीच्या पहिल्या बारला मीटर बदलत असेल तर आधीच्या ओळीच्या टोकाला नवा आकडा दिसायला हवा, आणि पान उलटण्याच्या जागी तर हवाच हवा. नवी मूव्हमेंट सुरू होत असेल तर मात्र तो काढून टाक, नाहीतर संपलेल्या मूव्हमेंटच्या शेवटी विनाकारण ३/४ लटकत राहतो.

एखाद्याच वादकाला वेगळं मीटर असेल, म्हणजे बाकीचे २/४ आणि हार्प ६/८ मध्ये, तर त्या पानापुरता मोठा आकडा खोटं बोलतो. डोरिकोत आल्ट दाबून एंटर केलं की मीटर फक्त त्या स्टाफला लागतं. अशा भागात टाइम सिग्नेचर प्रत्येक स्टाफवर दाखवणं हाच प्रामाणिक मार्ग. मोठेपणा सोडायला लाजू नये.

बाहेरगावी पाठवताना

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना म्यूझिकएक्सएमएलमधून मीटर जातं. आकड्याचा मोठेपणा, घाट आणि जागा यांचा मात्र भरवसा धरू नको. पलीकडे पुन्हा बसवावं लागेल असं धरूनच वेळ माग. फिनालेवाल्यांना हे चांगलंच कळलं: २०२४ च्या ऑगस्टमध्ये मेकम्यूझिकने फिनालेचं काम थांबवल्याचं जाहीर केलं आणि ३५ वर्षांच्या फायली घेऊन लोक दुसऱ्या दारी गेले. ज्यांनी मीटर मीटर म्हणून टाकलं होतं, त्यांचं स्थलांतर सोपं झालं. ज्यांनी मोठे आकडे टेक्स्टमध्ये टाइप केले होते, त्यांच्या पलीकडच्या पानावर नुसते पोरके आकडे. म्हणून प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेव: मूळ फाइल, म्यूझिकएक्सएमएल आणि पीडीएफ. पीडीएफ हीच ‘कसं दिसत होतं’ याची साक्ष.

स्कोअर टॅब्लेटवर वाचला जाणार असेल तर आधीच विचार. ए-थ्रीसाठी मांडलेलं पान लहान पडद्यावर आकसतं आणि तुझा मोठा आकडा पुन्हा साधा होतो. तिथे पानावर कमी स्टाफ, मोठे आकडे आणि अरुंद समास.

एकदा जमलेली मांडणी वाया घालवू नको. डोरिकोत डिफॉल्ट म्हणून जतन कर, सिबेलियसमध्ये हाउस स्टाइल बाहेर काढून ठेव, म्यूझस्कोअरमध्ये स्टाइलची फाइल. सिनेमाची एक, मंचाची एक, लहान गटाची एक.

शेवटची परीक्षा कागदावरच

स्क्रीनवर सगळंच सुंदर दिसतं, कारण तू झूम करून बघतेस. सर्वांत गर्दीचं एक पान आणि सर्वांत विरळ एक पान खऱ्या आकारात छाप. स्टँड कमरेइतका खाली घे, पान ठेव, एक पाऊल मागे हो, समोरच्या भिंतीकडे बघ आणि मग क्षणभर नजर खाली टाक. आकडा सापडला तर ठीक. शोधावा लागला तर एक पायरी मोठा कर. आकड्याआधी दुसरं काहीच दिसलं नाही, तर एक पायरी लहान कर.

आणि काम सुरू करण्याआधीच कंडक्टरला विचार, वर हवेत की ब्रॅकेटवर. काहींना मोठे आकडे नकोच असतात. ते स्वतः लाल-निळ्या पेन्सिलीने तिनाला त्रिकोण आणि दोनाला उभ्या रेघा काढतात, त्यांना मोकळी जागा दे.

सेशन संपलं की स्कोअर मागून घे, नाही म्हणणार नाहीत. एकेक पान उलटून बघ, कंडक्टरने पेन्सिलीने कुठे कुठे आकडा पुन्हा काढलाय. जिथे काढलाय तिथे तुझा आकडा कमी पडला, किंवा चुकीच्या जागी होता, किंवा टेम्पोच्या गर्दीत बुडाला. त्या जागा टिपून ठेव आणि पुढच्या कामाआधी टेम्प्लेट दुरुस्त कर. पेन्सिलीच्या खुणा दर कामाला कमी होत गेल्या, तर तू या कामात रुळलीस असं समज.